गाड्या, रेस आणि रस्ते: तारखांवरून नाशिककर वारंवार विचारतात ते प्रश्न

गाड्यांचा नाद असलेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. कुठली गाडी घेऊ, आणि अमुक गोष्ट पहिल्यांदा कधी झाली. पहिल्याचं उत्तर दिलं की संबंध बिघडतात, म्हणून इथे फक्त दुसऱ्याची उत्तरं आहेत. क्विझवाले, एमपीएससीवाले आणि कसारा घाटात जाम लागल्यावर टाइमपास म्हणून वाद घालणारे, सगळ्यांना चालतील अशी.

जगातली पहिली कार कधीची?

२९ जानेवारी १८८६. त्या दिवशी जर्मनीतल्या मॅनहाइमच्या कार्ल बेंझने आपल्या तीन चाकी पेट्रोल गाडीच्या पेटंटचा अर्ज टाकला, पेटंट नंबर ३७४३५, आणि तीच तारीख आता कारचा वाढदिवस म्हणून चालते.

पण यात एक मेख आहे. फ्रान्समध्ये क्यून्यो नावाच्या लष्करी इंजिनिअरने १७६९ मध्येच वाफेवर चालणारं तीन चाकी धूड बनवलं होतं, तोफा ओढायला. आणि १८८६ मध्येच गोटलीब डाइमलरनेही घोडागाडीला इंजिन बसवून चार चाकी गाडी चालवली, बेंझपासून शंभरेक किलोमीटरवर, आणि दोघांची एकमेकांशी काही ओळखपाळख नव्हती. त्यामुळे "पहिली" म्हणताना पुढे काय लावताय ते बघा, पहिली पेट्रोलची, पहिली चार चाकी, पहिली विकली गेलेली. या सगळ्या विषयात निम्मी भांडणं ह्याच्यावरूनच होतात.

बेंझच्या बायकोने गाडी पळवली होती ही गोष्ट खरी का?

खरी, आणि माझ्या मते २९ जानेवारीपेक्षा हीच तारीख मोठी. ऑगस्ट १८८८. गाडीचं पेटंट होऊन अडीच वर्षं झालेली, पण घ्यायला कोणी पुढे येत नव्हतं, कार्ल बेंझ आपला वर्कशॉपमध्ये सुधारणा करत बसलेला. बर्था बेंझ दोन मुलांना, ऑयगेन आणि रिचर्डला, घेऊन पहाटे नवऱ्याला न सांगता निघाली ती थेट माहेरी, फोर्झहाइमला. शंभर किलोमीटरच्या वरचा रस्ता, आणि रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी.

पेट्रोल पंप नावाची गोष्टच नव्हती, म्हणून वीसलॉखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं, जे तेव्हा डाग काढायला वापरायचे. पेट्रोलची नळी तुंबली ती हॅटच्या पिनेने साफ केली. वायरचं इन्सुलेशन गेलं तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. उतारावर लाकडी ब्रेक झिजले तर एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं, म्हणजे ब्रेक लायनिंगच झालं की ते. आणि चढ आला की पोरं उतरून ढकलायची.

संध्याकाळी पोचल्यावर नवऱ्याला तार केली. परत आल्यावर तिने सांगितलेल्या गोष्टींवरून गाडीत चढासाठी एक जादा गिअर आला. आज घाटात आपण दुसरा टाकतो ना, त्याच्या मागे ही बाई आहे. टेस्ट ड्राइव्ह, मार्केटिंग आणि रोडसाइड रिपेअर, तिन्ही एका दिवसात.

एकाच गोष्टीच्या तारखा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या का सापडतात?

कारण गाडीचा जन्म एका दिवशी होत नाही. टाटा नॅनो घ्या. दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत पडदा उघडला १० जानेवारी २००८ ला. मग बंगालमधल्या सिंगूरच्या कारखान्याविरुद्धचं आंदोलन, ऑक्टोबरात कारखाना गुजरातला साणंदला न्यायचं ठरलं. रीतसर लाँच झालं २३ मार्च २००९ ला, पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली जुलै २००९ मध्ये, आणि साणंदचा कारखाना सुरू झाला जून २०१० ला. आता नॅनो कधी आली, तर तुम्ही कोणाला विचारताय त्यावर आहे. इंडिकाचं पण तसंच, लोकांना दाखवली जानेवारी १९९८ ला आणि लाँच डिसेंबर १९९८ ला, एकाच वर्षाचे दोन टोक.

रस्त्यांचं तर विचारूच नका. घोषणा, भूमिपूजन, पहिला टप्पा, दुसरा टप्पा, लोकार्पण, आणि मग दिवे लागून खऱ्या अर्थाने वापरात येतो तो दिवस, ज्याची तारीख कोणीच लिहून ठेवत नाही. माझा नियम साधा आहे, गाडी असेल तर विक्री सुरू झाल्याची तारीख धरायची आणि रस्ता असेल तर सामान्य माणसाची गाडी त्यावरून गेली ती.

भारतात पहिली गाडी कधी आली?

१८९७ ला कोलकात्यात आणि १८९८ ला मुंबईत असं सगळीकडे धरतात, मुंबईतल्या पहिल्या गाड्यांच्या मालकांत जमशेटजी टाटांचं नाव येतं. गाडी चालवणारी देशातली पहिली बाई म्हणून सुझान टाटांचं नाव घेतात, जेआरडींच्या आई, १९०५.

लायसन्स आणि नंबर प्लेट कधीपासून? आपला एमएच १५ कधीचा?

नंबर प्लेट पॅरिस पोलिसांनी काढली, १४ ऑगस्ट १८९३ चा हुकूम. इंग्लंडात १ जानेवारी १९०४ पासून नंबर सक्तीचा झाला. आपल्याकडे १९१४ चा मोटार वाहन कायदा, मग १९३९ चा, आणि आता चालू आहे तो १९८८ चा, जो लागू झाला १ जुलै १९८९ पासून. एमएच ही अक्षरं आणि जिल्ह्याचा आकडा हा प्रकार या शेवटच्या कायद्याबरोबरचा, त्यात नाशिकला १५ मिळाला आणि मालेगावला ४१. त्यामुळे एखादा सांगत असेल की आमच्या आजोबांची १९७५ ची फियाट तेव्हापासून एमएच १५ आहे, तर तो नंतरचा नंबर आहे.

मोठ्या दंडाची दुरुस्ती देशात १ सप्टेंबर २०१९ ला लागू झाली, महाराष्ट्राने मात्र ती थांबवून ठेवली आणि नवे दंड आपल्याकडे डिसेंबर २०२१ ला आले. ती दोन वर्षं लोकांना इतकी आवडली की अजून आठवण काढतात.

ओव्हरस्पीडिंगचा पहिला दंड कोणाला?

वॉल्टर आर्नल्ड, इंग्लंडमधलं केंट, २८ जानेवारी १८९६. गावात ताशी २ मैलाची मर्यादा आणि हा गडी ८ मैलाने चाललेला, म्हणजे साधारण १३ किलोमीटर. पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून पकडला. वर गाडीच्या पुढे चालणारा माणूस पाहिजे असायचा तोही नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो नियम गेला आणि मर्यादा १४ मैलापर्यंत वाढली, त्या आनंदात लोकांनी लंडन ते ब्रायटन गाड्या काढल्या आणि जुन्या गाड्यांची ती रॅली अजून दर नोव्हेंबरला निघते.

मधल्या ऑगस्टमध्ये, १७ तारखेला, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसजवळ ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई गाडीखाली गेली, ब्रिटनमध्ये मोटारीने पादचारी मरायची ती पहिली घटना. चौकशी करणारा अधिकारी म्हणाला होता की असं पुन्हा कधी होऊ नये. गाडी तेव्हा माणसाच्या पळण्याच्या वेगाने सुद्धा जात नव्हती.

ट्रॅफिक सिग्नल कधी आला?

डिसेंबर १८६८, लंडन, पार्लमेंटसमोर. म्हणजे कार यायच्या आधी! रेल्वेच्या इंजिनिअरने बनवलेला, गॅसच्या दिव्याचा, पोलीस हाताने फिरवायचा. महिनाभरात गॅस गळून स्फोट झाला, पोलीस भाजला, विषय बंद. विजेचा सिग्नल अमेरिकेत क्लीव्हलँडला ५ ऑगस्ट १९१४ ला लागला, फक्त लाल आणि हिरवा, आणि पिवळा १९२० मध्ये डेट्रॉइटच्या एका पोलिसाने घातला. द्वारका चौकात उभं राहून बघा, पिवळा म्हणजे थांबायची तयारी हे शंभर वर्षांनीही कोणाला पटलेलं नाही.

आपला आग्रा रोड किती जुना? आणि एनएच ३ कुठे गेला?

मुंबईहून माळवा आणि पुढे आग्र्याला जाणारा हा ब्रिटिशांच्या काळातला ट्रंक रोड, थळ घाट, म्हणजे कसारा घाट, चढून वर यायचं, इगतपुरी, घोटी, नाशिक, मालेगाव, धुळे. स्वातंत्र्यानंतर त्याला राष्ट्रीय महामार्ग ३ हा नंबर मिळाला आणि दोन पिढ्या त्याच नावाने वाढल्या. २०१० ला देशातले सगळे नंबर बदलले, आता नाशिक ते धुळे हा भाग ६० मध्ये आहे, पुणे रोड जो आधी ५० होता तोही ६०, आणि ३ नंबर उचलून पार लडाखच्या बाजूच्या रस्त्याला दिला. नाशिककर तरी अजून हायवेच म्हणतात, कुठलाही नंबर लावा.

मला यात जास्त रस आहे तो आधीच्या गोष्टीत, कारण देशाच्या रस्त्यांचा सगळा पाया आपल्या मराठी मुलखाशी जोडलेला आहे आणि हे शाळेत कोणी सांगत नाही. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, लॉऱ्या आल्या, आणि बैलगाडीसाठी केलेले खडीचे रस्ते उखडायला लागले. रस्ते सांभाळायचे लोकल बोर्डांनी आणि त्यांच्याकडे पैसा नाही. तेव्हा १९२७ मध्ये एक समिती नेमली, अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, तेच जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांनी सांगितलं की रस्ते हा राष्ट्रीय विषय आहे आणि खर्च पेट्रोलवरच्या जादा करातून काढा, जो रस्ता वापरतो तो पैसे देईल. १९२९ ला त्यातून केंद्रीय रस्ते निधी निघाला. आज पेट्रोल भरताना जो सेस जातो त्याचा पणजोबा हा. १९३४ ला इंडियन रोड्स काँग्रेस निघाली, तीही जयकरांच्या शिफारशीतून, आणि खड्डा कसा भरायचा इथपासून स्पीडब्रेकर किती उंच पाहिजे इथपर्यंतचे कागद अजून तीच संस्था काढते. स्पीडब्रेकरचा कागद आपल्या कॉलनीतल्या कोणी वाचलेला दिसत नाही ते सोडा.

मग १९४३, नागपूर. महायुद्ध चालू असताना देशातले चीफ इंजिनिअर तिथे जमले आणि २० वर्षांचा आराखडा केला, त्यालाच नागपूर प्लॅन म्हणतात. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग आणि गावरस्ते ही वाटणी तिथली. शेतीच्या भागात कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा लांब नको आणि १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता हवा, असं त्यांचं टार्गेट. पेठ, सुरगाण्याकडे गेलात तर हे ५ मैल किती मोठं स्वप्न होतं ते कळतं.

मैलाच्या दगडांचे रंग वेगळे का असतात?

त्याच वाटणीमुळे. डोकं पिवळं तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं तर राज्य महामार्ग, नारिंगी म्हणजे ग्रामीण रस्ता, बहुतेक पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला, ती योजना २५ डिसेंबर २००० ची. पोरांना गाडीत मोबाईलपासून तोडायचं असेल तर हा खेळ बरा.

समृद्धी नाशिकपर्यंत नक्की कधी आला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर चार तारखांचं आहे. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर, ११ डिसेंबर २०२२. शिर्डी ते इगतपुरी तालुक्यातलं भरवीर ८० किलोमीटर, २६ मे २०२३, नाशिक जिल्ह्यात गाड्या धावल्या त्या या टप्प्यात. भरवीर ते इगतपुरी २५ किलोमीटर, ४ मार्च २०२४. आणि इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे ७६ किलोमीटर, ५ जून २०२५, तेव्हा ७०१ किलोमीटर पूर्ण झाले.

शेवटच्या टप्प्यातच इगतपुरीचा जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा आहे, आणि मुंबईला जाणाऱ्याला कसारा घाट टाळता येतो तो यामुळे. नाशिक शहराला रस्ता थेट शिवत नाही, सिन्नरच्या बाजूने किंवा इगतपुरीवरून चढावं लागतं, त्यामुळे विल्होळीपर्यंत जाम असेल तर समृद्धी तुम्हाला काही मदत करत नाही.

गाडीला मर्यादा १२० ची आहे आणि रस्ता इतका सरळ की डोळा लागतो, शिवाय सिमेंटवर टायर तापतो. हवा आणि टायरचं वय बघूनच चढा. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले, आणि त्याच्या आधी ८ ऑक्टोबर २०२२ ला आपल्याच औरंगाबाद रोडला मिर्ची चौकात पहाटे बस पेटली होती. या दोन तारखा पण यादीत पाहिजेतच.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे देशातला पहिला का म्हणतात?

सहा पदरी, काँक्रीटचा, ठराविक जागीच चढता-उतरता येणारा, असा पहिला. टप्प्याटप्प्याने उघडत २००२ ला पूर्ण झाला. जगात असा फक्त मोटारींचा रस्ता इटलीने १९२४ ला केला, मिलान ते तलावांकडे. जर्मनीचा ऑटोबान हिटलरने सुरू केला असं लोक ठोकून सांगतात, पण कोलोन-बॉन रस्ता ऑगस्ट १९३२ ला उघडला होता, हिटलर सत्तेवर यायच्या आधी, आणि उघडणारा कोलोनचा महापौर कोनराड आडेनाउअर, जो पुढे पश्चिम जर्मनीचा चान्सलर झाला.

एसटीची तारीख?

१ जून १९४८, पुणे-अहमदनगर, आताचं अहिल्यानगर, लाकडी बॉडीची बेडफर्ड बस. ७४ वर्षांनी त्याच तारखेला त्याच रूटवर शिवाई ही इलेक्ट्रिक बस सोडली, २०२२ ला, हे मात्र छान जुळवलं. नाशिक शहरातली बस आधी एसटीच चालवायची, महापालिकेची सिटीलिंक ८ जुलै २०२१ पासून.

अँबेसेडर, पद्मिनी, मारुती, यांच्या तारखा द्या ना.

अँबेसेडर १९५७ ते मे २०१४. मारुती ८०० ची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत इंदिरा गांधींच्या हातून हरपाल सिंग यांना, आणि शेवट जानेवारी २०१४, म्हणजे दोघींनी एकाच वर्षी निरोप घेतला. पद्मिनी म्हणजे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरची, कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, तिला पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकात मिळालं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली होती, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही नाही.

हल्लीच्या पोरांना खरं वाटत नाही पण गाडी बुक करून वर्षानुवर्षं वाट बघायचे, आणि नंबर लागला की तो नंबरच जादा पैसे घेऊन विकणारे पण होते. रंग निवडायचा वगैरे लाड नव्हते, जी आली ती आपली.

नाशिकमध्ये कुठल्या गाड्या बनल्या?

सातपूरच्या महिंद्रात. इथे थोडा वेळ घेतो कारण घरची गोष्ट आहे.

कंपनी सुरू झाली २ ऑक्टोबर १९४५ ला, महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले, मग १९४८ ला नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. जीप जोडण्यापासून सुरुवात. पण शहरातल्या माणसाने शौकाने घ्यावी अशी त्यांची गाडी म्हणजे स्कॉर्पिओ, २० जून २००२, आणि ती नाशिकची. त्या काळात परदेशी कंपनीची टेक्नॉलॉजी आणून गाडी काढायची पद्धत होती, ही मात्र इथल्या टीमने पुरवठादारांना हाताशी धरून कमी खर्चात उभी केली. अंबड-सातपूरला किती छोट्या शॉपना त्यामुळे काम मिळालं हे प्रेस मशीन चालवणाऱ्या कुठल्याही जुन्या माणसाला किंवा जॉबवर्कवाल्याला विचारा, तो तारीख नाही सांगणार पण त्या वर्षी कुठली मशीन घेतली ते सांगेल.

पुढे रेनॉबरोबरची लोगन २००७ ला, तीच नंतर व्हेरिटो झाली. मराझो सप्टेंबर २०१८, लाँचचा कार्यक्रमच नाशिकला झाला होता. नवी थार २ ऑक्टोबर २०२०, कंपनीच्या वाढदिवसाला, तीही इथलीच.

आणि नुसत्या अख्ख्या गाड्या धरू नका. मायको सर्कल ज्या कारखान्यामुळे म्हणतात ती मायको म्हणजे आताची बॉश, तिथे डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. देशातल्या कितीतरी ट्रॅक्टर-ट्रकच्या पोटात नाशिकचा माल आहे आणि त्याची कुठे पाटी नसते.

पहिली रेस कुठली?

२२ जुलै १८९४, पॅरिस ते रूआँ. पहिला पोचला काउंट द दिऑन, वाफेच्या गाडीने, पण गाडीला भट्टीत कोळसा टाकणारा वेगळा माणूस लागतो म्हणून बक्षीस पेट्रोलवाल्या पेजो आणि पानारला दिलं. पुढच्या वर्षी पॅरिस-बोर्दो-पॅरिस, एमिल लव्हासॉरने ४८ तासांच्या वर एकट्याने गाडी हाणली, बाकीच्यांच्या काही तास आधी आला, आणि त्याला पण पहिलं बक्षीस नाही, कारण त्याची गाडी दोन सीटची होती आणि नियम चार सीटचा. म्हणजे रेस आणि रेसमधली भांडणं दोन्ही एकदमच सुरू झाली.

बाकी पटकन: पहिली ग्रांप्री ल मान्सला जून १९०६, इंडियानापोलिस ५००, ३० मे १९११, ल मान्स २४ तास मे १९२३, मोनाको १४ एप्रिल १९२९, फॉर्म्युला वन वर्ल्ड चॅम्पियनशिपची पहिली रेस १३ मे १९५० सिल्व्हरस्टोन, जिंकला फारिना, अल्फा रोमिओ. इंडियानापोलिसच्या त्या पहिल्या विजेत्याने, रे हॅरूनने, मागचं बघायला मेकॅनिक न बसवता आरसा लावला होता. आपल्याकडे तो आरसा अजून दुमडून ठेवतात.

रेसिंगच्या इतिहासातली सगळ्यात वाईट तारीख?

११ जून १९५५, ल मान्स. पिटसाठी, म्हणजे पेट्रोल-दुरुस्तीला थांबायच्या जागेसाठी, एका जॅग्वारने ब्रेक मारला, मागच्या ऑस्टिन हीलीने तिला चुकवलं, त्याच्या मागून जोरात येणारी पिअर लव्हेगची मर्सिडीज हीलीवर चढून हवेत गेली आणि तुकडे प्रेक्षकांत. ८० च्या वर माणसं मेली. रेस थांबवली नाही, कारण एकदम गर्दी सुटली तर अँब्युलन्स अडकतील असं आयोजकांचं म्हणणं. मर्सिडीजने रात्रीच गाड्या काढून घेतल्या आणि त्या सीझननंतर कित्येक वर्षं रेसिंगमध्ये आली नाही. स्वित्झर्लंडने सर्किट रेसिंगवर बंदीच घातली, ती इतकी टिकली की झुरिकला पुन्हा रेस व्हायला २०१८ उजाडलं आणि तीही इलेक्ट्रिक गाड्यांची.

इटलीतल्या इमोलाच्या फॉर्म्युला वनला १९९४ मध्ये ३० एप्रिलला ड्रायव्हर रॅटझेनबर्गर आणि १ मेला ब्राझीलचा सेना गेला. आपण महाराष्ट्र दिनाची सुट्टी घेतो त्या दिवशी ब्राझीलमध्ये अजून लोक रडतात. त्यानंतर सर्किटं बदलली, गाड्यांच्या कॉकपिटच्या बाजू उंच झाल्या. २०१८ ला हेलो आला, ड्रायव्हरच्या डोक्यावरची ती कमान, दिसायला बेकार म्हणून सगळे ओरडले, आणि २९ नोव्हेंबर २०२० ला बहारीनमध्ये ग्रोजाँची गाडी कठडा फोडून पेटली तरी तो चालत बाहेर आला. ओरडणं बंद.

भारतात फॉर्म्युला वन कधी झाली आणि बंद का पडली?

बुद्ध सर्किट, ग्रेटर नोएडा. ३० ऑक्टोबर २०११ पहिली, मग २०१२ आणि २०१३, तिन्ही जर्मनीचा सेबास्टियन फेटल जिंकला. बंद पडली ती टॅक्समुळे, उत्तर प्रदेशात हा खेळ नाही तर करमणूक धरली गेली, शिवाय इन्कम टॅक्सची केस, ज्यात २०१७ ला सुप्रीम कोर्टाने फॉर्म्युला वनच्या कंपनीला इथे टॅक्स भरायला लागेल असं सांगितलं. सप्टेंबर २०२३ ला मोटोजीपी झाली तिथे.

पहिला भारतीय एफ वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन, मार्च २००५, मेलबर्न. त्याच वर्षी इंडियानापोलिसला चौथा आला, पण टायरच्या घोळामुळे त्या दिवशी फक्त सहाच गाड्या धावल्या होत्या, हे सांगितल्याशिवाय ती गोष्ट सांगू नये.

नाशिकला काही रेसिंग होतं का?

ट्रॅक नाही, पण रॅली ऑफ महाराष्ट्र, राष्ट्रीय रॅली चॅम्पियनशिपची फेरी, नाशिकच्या आजूबाजूच्या रस्त्यांवर झालेली आहे. रॅलीत सगळ्या गाड्या एकदम सोडत नाहीत, एकेक मिनिट-दोन मिनिटांच्या फरकाने सोडतात, घड्याळाशी स्पर्धा, आणि शेजारी बसलेला को-ड्रायव्हर आधी पाहून लिहिलेली टिपणं वाचत असतो, पुढे डावं वळण किती तीव्र, उंचवटा कुठे. गंगापूर रोडला रात्री सायलेन्सर काढून फिरतात त्याला रेसिंग म्हणत नाहीत.

सीटबेल्ट आणि एअरबॅगच्या तारखा?

तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट व्हॉल्व्होच्या निल्स बोहलिनने केला, १९५९, आणि कंपनीने पेटंट सगळ्यांना वापरायला मोकळं सोडलं. एवढी माणसं वाचवणारा दुसरा पार्ट गाडीत नाही. आपल्याकडे मागच्या बेल्टची चर्चा झाली ती ४ सप्टेंबर २०२२ नंतर, सायरस मिस्त्री पालघरजवळ मागच्या सीटवर बेल्ट न लावता गेले तेव्हा. पुढच्या दोन्ही एअरबॅग नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या, भारत एनकॅप, म्हणजे गाडी आपटून सुरक्षेचे तारे द्यायची चाचणी, १ ऑक्टोबर २०२३ पासून.

इलेक्ट्रिक गाड्या नवीन आहेत ना?

अजिबात नाही. ताशी १०० किलोमीटर सगळ्यात आधी ओलांडले ते बेल्जियमच्या जेनात्झीच्या इलेक्ट्रिक गाडीने, १८९९ ला. मग हरल्या का? पेट्रोल गाडी हँडल मारून सुरू करावी लागायची आणि हँडल उलटलं की हात मोडायचा, १९१२ ला कॅडिलॅकमध्ये सेल्फ स्टार्टर आला आणि तो त्रास गेला. त्यात १९०८ ला आलेली फोर्ड मॉडेल टी, जिची जोडणी १९१३ च्या चालत्या लाइनमुळे बारा तासांवरून दीड तासावर आली आणि किंमत पडत गेली. आपल्याकडे बंगळुरूची रेवा २००१ ला, २०१० ला महिंद्राने घेतली.

प्रदूषणाच्या नियमांच्या तारखा?

शिसंमुक्त पेट्रोल देशभर फेब्रुवारी २०००. बीएस फोर १ एप्रिल २०१७, आणि त्याच्या आधीच्या दोन दिवसांत बीएस थ्री बाइकवर जी सूट लागली ती आठवते का, शोरूमबाहेर रांगा आणि ज्याला गरज नाही तो पण बाइक घेऊन घरी. बीएस सिक्स १ एप्रिल २०२०, पाच वगळून थेट सहा.

आजोबांची जुनी फियाट अंगणात पडून आहे, तिचं काही होतं का?

५० वर्षं झाली असतील आणि गाडीत मूळ ढाच्याला धक्का लावणारे बदल नसतील तर होतं. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमाने व्हिंटेज गाड्यांना वेगळं रजिस्ट्रेशन आहे, नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए, नव्याने करायला फी २० हजार, मुदत १० वर्षं, नंतर पुन्हा करायला ५ हजार. रोज ऑफिसला न्यायची नाही आणि धंद्याला लावायची नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरायला चालते. पेठ रोडच्या आरटीओत जाण्याआधी जुनं आरसी बुक शोधा, ते नसेल तर आधी त्याच्या मागे लागा, आणि चेसिस नंबर गंजलेला असेल तर हाताने घासू नका, आकडा पुसला गेला तर पुढचं सगळं अडतं.